खरेदीखतातलं सातवं कलम

गेल्या वर्षी गणेशविसर्जन झालं आणि मंडळाच्या हॉलची आवराआवर सुरू होती. खुर्च्या रचून झाल्या, उरलेली मसालेभाताची पातेली कुणी कुणाच्या गाडीत ठेवायची यावर एकमत झालं आणि आम्ही सात-आठ जण चहाचे कागदी पेले घेऊन बसलो. अशा वेळी गप्पांची गाडी घरांच्या किमतीवर येते हे डेट्रॉइट परिसरातल्या वाचकांना सांगायला नकोच. व्याजाचे दर, कुणाच्या मुलाने कुठे घर घेतलं, कुठल्या शाळा चांगल्या, असं सगळं झाल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. "अरे, आम्ही १९६९ साली खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो. पाच वर्षांत स्वतःचं घर केलं. आणि ही कृष्णवर्णीय मंडळी इथे शंभर-दोनशे वर्षं आहेत. यांना का नाही जमत?"

काका मनाचे वाईट नाहीत. डेट्रॉइटच्या शाळेत निवृत्तीनंतर दहा वर्षं त्यांनी मुलांना फुकट गणित शिकवलं आहे. प्रश्न खरोखर पडलेला होता. हॉलमध्ये कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पण माझ्या घरात एक कागद होता आणि तो मला त्या रात्री आठवला.

आमचं घर १९४०च्या सुमाराचं, विटांचं, डेट्रॉइटच्या वेशीला लागून असलेल्या एका उपनगरातलं. सहा वर्षांपूर्वी ते घेतलं तेव्हा टायटल कंपनीने कागदांचा जाडजूड गठ्ठा हातात दिला. सह्या करकरून बोटं दुखली, वाचलं काहीच नाही. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला. लायसन्सची चाळीस पानं न वाचता 'मान्य' दाबायची सवय आपल्या धंद्यानेच जगाला लावली! त्या रात्री मात्र गठ्ठा काढला. त्यात आमच्या वसाहतीची मूळ निर्बंधांची यादी होती. कुंपण किती उंच असावं, कोंबड्या पाळू नयेत, गॅरेज कुठे बांधावं. आणि सातवं कलम: या जागेत कॉकेशियन वंशाखेरीज अन्य कुणीही राहू नये, घरमालकाच्या घरकामाला असलेले नोकर तेवढे अपवाद.

म्हणजे ज्या स्वयंपाकघरात आमच्याकडे रोज फोडणी पडते, तिथे हे घर बांधलं गेलं त्या वर्षी मी फक्त भांडी घासायला राहू शकलो असतो. कागदावर कलम अजून तसंच आहे. त्याची अंमलबजावणी होत नाही इतकंच. ती कशी थांबली आणि तोवर काय काय होऊन गेलं, हे शोधता शोधता काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

डॉक्टर स्वीट यांचं घर

गोष्ट आपल्या शहरापासूनच सुरू होते. १९१० साली डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती होती ५,७४१. फोर्डने १९१४ साली दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे मजूर थांबवले आणि दक्षिणेतून आगगाड्या भरभरून माणसं आली. १९३० साली तीच संख्या १,२०,०६६ झाली. कारखान्यांना माणसं हवी होती, पण शहराला ती शेजारी नको होती. बहुतेकांना डाउनटाउनच्या पूर्वेला 'ब्लॅक बॉटम' नावाच्या दाट वस्तीतच जागा मिळे, आणि दुसरीकडे जायची वाट नसल्यामुळे भाडंही अवाच्या सवा.

१९२५ साली ऑसियन स्वीट नावाच्या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी गार्लंड स्ट्रीटवर १८,५०० डॉलरना घर घेतलं. त्या घराला बाजारात एवढी किंमत नव्हती. पण त्यांना विकायला तयार झालेला मालक सापडला हेच खूप होतं. ८ सप्टेंबरला ते राहायला गेले. दुसऱ्या रात्री घरासमोर शेकडोंचा जमाव, दगडांचा वर्षाव. आतून गोळ्या झाडल्या गेल्या, बाहेर एक माणूस मेला. डॉक्टर, त्यांची पत्नी, भाऊ, मित्र अशा अकरा जणांवर खुनाचा खटला भरला गेला. बचावाला क्लॅरन्स डॅरो हे नामांकित वकील उभे राहिले आणि मे १९२६ मध्ये डॉक्टरांचे धाकटे भाऊ हेन्री निर्दोष सुटले. न्यायाधीश होते फ्रँक मर्फी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्या मंडळात डॉक्टर पुष्कळ आहेत. शिक्षण, पैसा, प्रतिष्ठा सगळं असून घरात शिरायला बंदूक जवळ ठेवावी लागते, ही कल्पना क्षणभर करून पाहावी.

सरकार मध्ये पडतं, पण कुणासाठी?

इथपर्यंतची कथा समाजाच्या दुष्टाव्याची आहे. पुढची हिशेबाची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

१९३०च्या आधी घरकर्ज म्हणजे श्रीमंतांचं काम होतं. किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे आधी भरायचे, पाच-दहा वर्षांची मुदत, आणि शेवटी सगळी मुद्दल एकरकमी. महामंदीत ही घडी कोसळली आणि लाखो घरं जप्त होऊ लागली. तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३३ साली 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' काढून दहा लाखांच्या आसपास घरांची कर्जं नव्याने बांधून दिली. पाठोपाठ १९३४ साली 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजे एफएचए आलं. एफएचए स्वतः कर्ज देत नसे. बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे. कर्जदार बुडाला तर सरकार भरून देईल म्हटल्यावर बँका निर्धास्त झाल्या. मुदत वीस वर्षं झाली, मग पंचवीस, तीस. सुरुवातीची रक्कम वीस टक्के, मग दहा टक्के. दर महिन्याच्या हप्त्यात व्याजाबरोबर थोडी मुद्दलही फिटत जायची सोय झाली. आज आपण ज्याला मॉर्गेज म्हणतो ते हेच. कारखान्यातला फिटर घरमालक झाला तो या शोधामुळे.

पण विमा म्हटला की जोखीम मोजणं आलं. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेवर शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार इयत्ता दिल्या: हिरवी, निळी, पिवळी आणि सगळ्यात खालची लाल. डेट्रॉइटचा नकाशा १९३९चा आहे. घरांची अवस्था, उत्पन्न यांच्याबरोबर तिथे राहणाऱ्यांचा वंशही त्यात नोंदलेला असे, आणि कृष्णवर्णीय वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. याच लाल रंगावरून 'रेडलायनिंग' हा शब्द रूढ झाला. अलीकडच्या इतिहासकारांनी दाखवलं आहे की खरी नाकेबंदी या नकाशांपेक्षा एफएचएच्या स्वतःच्या नियमांनी केली. एफएचएच्या मूल्यांकनाच्या पुस्तकात मिश्र वस्ती ही जोखीम धरली होती आणि खरेदीखतात वांशिक बंधन घालणं ही चांगली खबरदारी मानली होती. म्हणजे आमच्या घराचं सातवं कलम कुणा माथेफिरू बिल्डरच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ते घातलं की सरकारी विमा मिळणं सोपं होई.

याचा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा आपल्या गावात उभा आहे. एट माईल रोडच्या जरा दक्षिणेला, वायोमिंग स्ट्रीटजवळ, एका कृष्णवर्णीय वस्तीला लागून १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. इतक्या जवळ ही वस्ती आहे म्हणून एफएचए कर्जांना मान्यता देईना. बिल्डरने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच, एक फूट जाड आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. मान्यता मिळाली!

मी काकांना गाडीत घालून ती भिंत दाखवायला नेलं. पन्नासहून अधिक वर्षं या शहरात काढून त्यांनी ती पाहिली नव्हती. मीही नव्हती. आता तिच्या एका भागावर रंगीत चित्रं काढलेली आहेत, शेजारी मुलांचं खेळायचं मैदान आहे. काकांनी भिंतीला हात लावला, उंची आपल्या खांद्याशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "ही तर उडी मारूनही ओलांडता येईल." खरंच येईल. माणसं अडवायला ती घातलीच नव्हती. कर्जाच्या अर्जावर एक खूण करता यावी, एवढंच तिचं काम होतं.

निकाल आणि त्यानंतर

दुसरं महायुद्ध संपलं. परतलेल्या सैनिकांसाठी १९४४च्या जीआय बिलाने घरकर्जाची हमी दिली. पण कर्ज द्यायचं शेवटी स्थानिक बँकेने. १९४७ साली मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली तेव्हा या योजनेतल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली होती २. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून सतरा हजारांवर घरं उठली, किंमत आठ हजार डॉलरच्या आसपास. तिथेही तीच अट होती.

डेट्रॉइटमध्ये मॅकगी नावाच्या कृष्णवर्णीय दांपत्याने सीबाल्ट स्ट्रीटवर घर घेतलं आणि शेजाऱ्यांनी करारातल्या बंधनावर बोट ठेवून त्यांना कोर्टात खेचलं. हा खटला आणि सेंट लुईसचा शेली यांचा खटला एकत्रच सर्वोच्च न्यायालयात गेले. मॅकगी यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत थरगुड मार्शल होते, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. ३ मे १९४८ रोजी निकाल लागला: असे करार खाजगी लोकांनी आपसात केले तरी कोर्टाने ते राबवणं घटनेविरुद्ध आहे. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला राहिले होते. उरलेल्या सहांचा निकाल एकमताचा. त्या सहांत एक होते डेट्रॉइटचे फ्रँक मर्फी, बावीस वर्षांपूर्वी स्वीट यांच्या खटल्याचे न्यायाधीश.

कोर्टाने दार उघडलं, पण समाजाने कडी बदलली. इथल्याच ग्रोस पॉइंटमध्ये इस्टेट एजंट आणि घरमालकांच्या संघटनेने गुणांकन पद्धत काढली. घर घेऊ इच्छिणाऱ्याची खाजगी गुप्तहेराकरवी चौकशी करायची: रंग किती सावळा, उच्चार कसे, राहणी 'अमेरिकन' आहे का. शंभरपैकी पन्नास गुणांना साधारण उत्तीर्ण. पोलिश वंशाच्यांना ५५ हवेत, ज्यूंना ८५, दक्षिण युरोपातल्यांना यांच्या मधले. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना परीक्षेलाच बसता येत नव्हतं. हा प्रकार उघडकीला आला तो १९६० साली. आपल्या उच्चारांना तिथे किती गुण पडले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ज्यांना बँक दारात उभी करत नव्हती त्यांनी काय केलं? शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये हजारो कुटुंबांनी 'कॉन्ट्रॅक्ट'वर घरं घेतली. सट्टेवाल्याने स्वस्तात घेतलेलं घर दुपटीने विकायचं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी त्याचीच. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. क्लाइड रॉस यांनी १९६१ साली २७,५०० डॉलरना घेतलेलं घर विकणाऱ्याने सहाच महिने आधी १२,००० डॉलरना घेतलं होतं. अशा कुटुंबांनी १९६८ साली संघटना करून लढा दिला. हे लोक आळशी नव्हते. दुपटीच्या किमतीचे हप्ते भरायला नवरा-बायको दोन-दोन पाळ्या करत होते.

डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम वस्ती तर १९५० आणि ६०च्या दशकांत नकाशावरूनच पुसली गेली. तिथली गजबजलेली हेस्टिंग्ज स्ट्रीट आज क्रायस्लर फ्रीवेच्या खाली आहे. डाउनटाउनला जाताना आपण सगळे तिच्यावरूनच गाड्या हाकतो.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ला हत्या झाली आणि सातच दिवसांनी, ११ एप्रिलला, फेअर हाउसिंग कायदा झाला. वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. पण तोवर उपनगरं उभी राहून भरली होती. १९७४ साली डेट्रॉइटच्याच 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शहरातल्या शाळांचा वंशभेद मोडायला उपनगरांना भाग पाडता येणार नाही. शाळेसाठी पत्ता आणि पत्त्यासाठी पैसा, हे गणित त्या दिवशी पक्कं झालं. आपण सगळे त्याच गणिताने घरं निवडतो.

आपली बाजू

मग आपण या कथेत कुठे? माझ्या कलमातला 'कॉकेशियन' हा शब्द पाहून मला एक जुना खटला आठवला. भगतसिंग थिंड यांनी म्हटलं होतं की मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियनच आहेत, म्हणून मला नागरिकत्व द्या. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात भारतीय बसत नाहीत. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्यांना शेतजमीन घेण्याची बंदी होतीच. वैष्णो दास बगई नावाचे व्यापारी १९१५ साली कुटुंब घेऊन आले होते. बर्कलीत घेतलेल्या घरात शेजाऱ्यांनी त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. १९२१ साली मिळालेलं नागरिकत्व थिंड निकालानंतर काढून घेतलं गेलं, मालमत्ता विकावी लागली आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगई यांचं नाव २०२१ साली बर्कलीतल्या एका रस्त्याला दिलं गेलं.

भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ साली मिळाला, आणि १९६५च्या कायद्याने दार खऱ्या अर्थाने उघडलं. त्या कायद्यामागे नागरी हक्कांच्या चळवळीचं वारं होतं. कायद्याने निवडलं कुणाला? इंजिनियर, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांना प्राधान्य. काकांच्या खिशात आठ डॉलर होते हे खरं, कारण रिझर्व्ह बँक तेवढंच परकीय चलन देत असे. पण डोक्यात सरकारी इंजिनियरिंग कॉलेजची पदवी होती, आणि तिचा बराचसा खर्च भारतातल्या करदात्यांनी केला होता. घर घ्यायची वेळ आली तेव्हा फेअर हाउसिंग कायदा होऊन सहा वर्षं झाली होती. तो कायदा व्हावा म्हणून दगड दुसऱ्यांनी खाल्ले होते.

भिंतीवरून परत येताना काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "७४ साली एक घर आम्हाला फार आवडलं होतं. सकाळी पेपरात जाहिरात पाहिली, अकराला पोचलो. एजंट म्हणाला, विकलं गेलं. 'फॉर सेल'ची पाटी मात्र पुढे दोन महिने होती. तुझी काकू म्हणाली, आपलं नशीब नाही."

मला माझे पुण्यातले कॉलेजचे दिवस आठवले. मी आणि माझा वर्गमित्र खोली शोधत होतो. एका वाड्यात मालकीणबाईंनी मला आडनाव विचारलं आणि चहा दिला. तासाभराने तो गेला, त्याचंही आडनाव विचारलं. खोली कालच दिली होती म्हणे. त्या खोलीत मी दोन वर्षं राहिलो. तो रोज दीड तास सायकल मारून येत असे. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि परीक्षेत त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले ते माझ्या अभ्यासाचे समजलो.

हिशेब

आता थोडं गणित. १९४८ साली ८,००० डॉलरना घेतलेलं घर वर्षाला सरासरी ५ टक्क्यांनी वाढलं असं धरू. पंचाहत्तर वर्षांनी त्याचे सुमारे ३,१०,००० होतात. त्याच काळात भाडं भरणाऱ्याकडे पावत्या उरतात. मधल्या काळात त्या घरावर कर्ज काढून मुलं कॉलेजात गेली, आजारपणं निघाली, नातवाच्या घराची सुरुवातीची रक्कम आली. आम्ही इंजिनियर 'इनिशियल कंडिशन' म्हणतो ते हेच. समीकरण आज दोघांना तेच लावलं तरी सुरुवात वेगळी असेल तर उत्तर वेगळंच येणार, आणि चक्रवाढ ते अंतर वाढवतच नेणार.

आकडे तेच सांगतात. १९६० साली गोऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात होती, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ३८ टक्के. अलीकडच्या वर्षांत हे आकडे अनुक्रमे ७३-७४ आणि ४५ च्या आसपास आहेत. भेदभाव बेकायदा होऊन अर्धशतक उलटलं, अंतर कमी झालेलं नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. मधल्या काळात नवे घावही बसले. २०११ ते २०१५ या काळात डेट्रॉइटमधल्या जवळपास दर चार मिळकतींपैकी एक मालमत्ता-करापायी जप्त झाली. त्यातल्या अनेकांवरची आकारणी मिशिगनच्या घटनेने घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होती. म्हणजे चुकीच्या बिलापायी लोकांची घरं गेली.

आशियाई घरमालकी सुमारे ६२ टक्के आहे. सरासरी उत्पन्न गोऱ्यांपेक्षा जास्त असूनही घरमालकी कमी, कारण आपल्यात नव्याने आलेले पुष्कळ आणि वस्ती महाग शहरांत. म्हणजे आपलं उदाहरण पुढे करून दुसऱ्याला नापास करणं आकड्यांतही बसत नाही.

मिशिगनमध्ये २०२२ साली कायदा झाला आहे. अशी कलमं काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे अर्ज करून घरमालकाला रीतसर रद्द करून घेता येतात. आमच्या सातव्या कलमाचा अर्ज मी भरला आहे. पाठवण्याआधी मूळ पानाची एक झेरॉक्स काढून खरेदीखताच्या फायलीत ठेवली. उद्या हे घर माझ्या मुलीला मिळेल तेव्हा त्याबरोबर काय काय मिळतंय, हे तिला कळायला हवं.

ज्यांची घरं १९५०च्या आधीची आहेत त्यांनी आपलाही गठ्ठा एकदा उघडून पाहावा. यंदाच्या गणपतीत काका आवराआवरीला आले तेव्हा एका नव्याने आलेल्या मुलाने गप्पांत तोच प्रश्न काढला. काकांनी हातातला चहा खाली ठेवला आणि त्याला म्हणाले, "शनिवारी मोकळा आहेस का? तुला एक भिंत दाखवतो."